अभ्यासाच्या नावावर मागितलेलं ग्राफिक्स कार्ड

पत्र थोडक्यात असं: बेळगाव तालुक्यातल्या एका ताईंनी लिहिलंय. त्या शहरात एका पतसंस्थेत नोकरी करतात. धाकटा भाऊ इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, कॉम्प्युटर सायन्सला. ‘एकही विषय राहिला नाही तर ग्राफिक्स कार्ड घेऊन देते’ असा शब्द त्यांनी दिला होता आणि पोरानं खरंच सगळे विषय काढले. बजेट चाळीस हजारांचं. भावाला हवंय आरटीएक्स ५०६० टीआय, १६ जीबीचं. दुकानदारानं चिठ्ठीवर ४७,००० लिहून दिले. ‘अक्का, एआय शिकायचं तर हेच लागतं,’ असं भावाचं म्हणणं. दुकानदार स्वतः आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी घ्या म्हणतो, ३८,०००. भावाचे मित्र साधं आरटीएक्स ५०६० घे म्हणतात, ३०,५००. पुण्याचा मावसभाऊ आपलं जुनं आरटीएक्स ३०७० १९,००० ला द्यायला तयार आहे. आईचं मत, ज्याचा नंबर मोठा ते घ्यावं. घरातला कॉम्प्युटर चारेक वर्षांचा: रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, बी४५० बोर्ड, १६ जीबी रॅम, ४५० वॉटचा बिननावाचा एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) आणि १०८०पीचा ७५ हर्ट्झ मॉनिटर. ताई शेवटी लिहितात, ‘तो दार लावून गेमच खेळतो हे मला ठाऊक आहे. खोटं बोलतोय हे कळत असूनही घेऊन देऊ का? आणि द्यायचं तर कुठलं?’

ताई, तुम्ही हे दोन प्रश्न वेगळे मांडलेत. मला ते वेगळे वाटत नाहीत. कार्ड कुठलं घ्यावं हे ते कशाला वापरणार यावर ठरतं, आणि नेमकं तेवढंच तुमच्या घरात कुणी मोकळेपणानं बोलत नाहीये. दुकानदाराची चिठ्ठी परत बघा. भाऊ सरळ ‘गेमसाठी’ म्हणाला असता तर ४७,००० चा आकडा चिठ्ठीवर आलाच नसता. गेम खेळण्यापुरतं ३८,००० चं कार्ड त्या कार्डाच्या फार मागे नाही. मधले नऊ हजार ‘एआय’ या कारणाचे आहेत.

ते कारण खोटंच असेल असं मात्र धरून चालू नका. आरटीएक्स नावाची कार्डं एनव्हीडिया कंपनीची. तिच्या कार्डांवर कूडा नावाची, कार्डाला हिशोबाचं काम लावणारी व्यवस्था २००७ पासून आहे आणि एआयचे बहुतेक धडे, उदाहरणं, तयार कोड तीच गृहीत धरून लिहिलेले असतात. आरएक्स बनवणाऱ्या एएमडीचीही आरओसीएम नावाची तशीच व्यवस्था आहे, पूर्वीपेक्षा बरीच सुधारलीय, पण शिकणाऱ्या मुलाला तिथं मॉडेलपेक्षा इन्स्टॉलेशनशीच जास्त झटापट करावी लागते. शिवाय घरच्या मशीनवर चित्रं बनवणारी किंवा भाषेची मॉडेलं चालवायची तर कार्डावरची मेमरी जितकी जास्त तितकं बरं. म्हणजे हे काम खरोखर करणाऱ्यासाठी १६ जीबीचं ५०६० टीआय ही योग्यच निवड आहे. प्रश्न इतकाच की तुमचा भाऊ ते करतो का.

तिसऱ्या वर्षाच्या असाइनमेंटला जी लहान मॉडेलं लागतात ती आहे त्या प्रोसेसरवर चालतात. थोडी मोठी असतील तर गुगल कोलॅबवर, म्हणजे इंटरनेटवरून गुगलच्या मशीनवर कोड चालवायच्या सोयीत, फुकटात टी४ कार्ड मिळतं. वेळेची मर्यादा असते, कधी रांगही लागते, पण त्या कार्डावर १६ जीबी मेमरी आहे, तुमच्या चिठ्ठीतल्या सगळ्यात महागड्या कार्डाइतकीच. तेव्हा भावाला एवढंच विचारा: ‘कोलॅबवर आजवर काय काय केलंस, दाखव की मला.’ उलटतपासणीच्या सुरात नको. त्यानं उत्साहानं चार नोटबुकं, म्हणजे कोलॅबवरच्या कामाच्या फायली, उघडून दाखवल्या, ‘इथं वेळ संपला आणि काम अर्धं राहिलं’ असं सांगितलं, तर नऊ हजारांचा विचार करायला जागा आहे. तो चुळबुळला तर उत्तर मिळालंच.

आणि मिळालं तरी रागावू नका, अशी माझी विनंती आहे. तुमच्या गल्लीतल्या शिवजयंतीच्या चित्ररथाला वर्गणी देताना ‘याचा अभ्यासाला काय उपयोग’ असं कुणी विचारत नाही. विचारलंच तर पोरं ऐकूनही घेणार नाहीत. कॉम्प्युटरला मात्र आपल्याकडं अभ्यासाचा दाखला जोडल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. दहावीला ‘प्रोजेक्टसाठी’, बारावीला ‘क्लाससाठी’, आता ‘एआयसाठी’. घरात जे कारण चालतं ते मुलगा पुढं करतो. तुम्ही बक्षीस कबूल केलंत ते विषय काढल्याबद्दल. विषय निघाले. बक्षिसाचा पुन्हा अभ्यासालाच उपयोग झाला पाहिजे ही अट तेव्हा नव्हती, आता मागाहून लावू नका. ‘गेम खेळायला घेतेय, मला माहीत आहे, आणि माझी हरकत नाही’ असं तुम्हीच आधी बोलून टाकलंत तर पुढचं सगळं सोपं जाईल. हिशोबही खरा होईल.

आता कार्डांकडं वळू. आधी आईंचा नंबर. आई एकट्याच फसलेल्या नाहीत. ५०६० एनव्हीडियाचं, ९०६० एक्सटी एएमडीचं. या दोन आकड्यांची एकमेकांशी तुलनाच होत नाही. एकाच कंपनीत मात्र थोडा अर्थ लागतो: एनव्हीडियाचा पहिला आकडा पिढी सांगतो, शेवटचे दोन दर्जा. ३०७० ही २०२० सालची पिढी, ५०६० ही २०२५ ची. जुन्या पिढीतलं वरच्या दर्जाचं आणि नव्या पिढीतलं खालच्या दर्जाचं कार्ड वेगात जवळपास एकाच जागी येतात, तसंच या दोघांचं झालंय.

नंबरातली खरी मेख वेगळीच आहे. ५०६० टीआय ८ जीबीतही येतं आणि १६ जीबीतही. ९०६० एक्सटीचंही तसंच. खोक्यावर ठळक अक्षरांत नाव एकच, मेमरीचा आकडा कोपऱ्यात. पैसे देण्याआधी तो आकडा खोक्यावर आणि बिलावर दोन्हीकडं वाचा. ‘नाव तेच आहे की ताई’ हे उत्तर ऐकून घेऊ नका.

आठ आणि सोळा यात इतकं काय आहे ते सांगतो, कारण मध्यम किमतीच्या कार्डांतला आजचा सगळा वाद इथंच येऊन थांबतो. गेममधली भिंत, झाड, चेहरा, कपडा यांची चित्रं कार्डाला हाताशी लागतात. ती कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत असली की झटक्यात मिळतात. ५०६० वर हा वेग सेकंदाला ४४८ जीबी आहे. मेमरी भरली की उरलेला माल कॉम्प्युटरच्या रॅममधून, बोर्डावरच्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून आणावा लागतो, आणि तिथं चोर्ला घाट लागतो. गाडी कितीही दमदार असली तरी वळणावर ट्रकच्या मागंच चालायचं. पडद्यावर याचा अनुभव असा की आकडा सेकंदाला ७० फ्रेमचा, म्हणजे चित्रांचा, दिसतो, खेळ छान चाललाय म्हणेपर्यंत मधेच गचका बसतो. किंवा गचका बसत नाही, पण समोरची भिंत पुसट, मेणचट दिसायला लागते, कारण गेमनं गुपचूप हलकं चित्र वापरलेलं असतं.

तुमच्या मशीनवर हा घाट आणखी अरुंद आहे, आणि हे ना दुकानदारानं सांगितलं, ना मित्रांनी. आरटीएक्स ५०६० आणि ५०६० टीआय ही दोन्ही कार्डं स्लॉटच्या सोळापैकी आठच लेन वापरतात. नव्या बोर्डांवर पीसीआय एक्सप्रेसची पाचवी पिढी असते, तिथं आठ लेन पुरून उरतात. तुमचा बी४५० बोर्ड आणि ५६००जी प्रोसेसर, दोघंही तिसऱ्या पिढीपर्यंतच. तिथं आठ लेनमधून सेकंदाला जेमतेम आठ जीबी जातात. आरएक्स ९०६० एक्सटी सोळाही लेन वापरतं, म्हणजे तुमच्या बोर्डावर त्याला दुप्पट रुंद वाट मिळते, आणि १६ जीबी मेमरीमुळं त्या वाटेला जायची वेळही कमी येते. याचा अर्थ ५०६० तुमच्याकडं चालणार नाही असा नाही. हलक्या गेममध्ये मेमरी भरतच नाही, तेव्हा फरक किरकोळ राहतो. पण मेमरी ओसंडली की तुमच्या बोर्डावर ते नव्या बोर्डापेक्षा जास्त अडखळेल. इंटरनेटवरच्या चाचण्या बहुतेक सगळ्या नव्याकोऱ्या, महाग मशीनवर केलेल्या असतात. त्या आलेखांत तुमच्या बी४५० ची अडचण दिसत नाही.

मग मेमरी भरते कधी? व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक, जुना जीटीए ५ यांना १०८०पीवर ८ जीबी भरपूर. अलीकडच्या मोठ्या कथाप्रधान गेमांत चित्रांचा दर्जा सगळ्यात वर नेला, वर रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवायची सोय) चालू केलं, की १०८०पीवरही ८ जीबी अपुरे पडायला लागलेत. ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ या डिसेंबर २०२४ च्या गेमला किमान गरजच ८ जीबीची आणि रे ट्रेसिंग करणाऱ्या कार्डाची आहे. किमान म्हणजे सेटिंग खाली ओढून खेळायचं. अर्थात ‘अल्ट्रा’वरून ‘हाय’वर आलं की डोळ्यांना फारसं कळत नाही आणि ८ जीबीत बरंचसं बसतं, हेही खरं. म्हणून ८ जीबीचं कार्ड ‘कचरा’ म्हणणाऱ्यांच्या पंगतीला मी बसणार नाही. पण रॅम नंतर वाढवता येते, प्रोसेसर बदलता येतो. कार्डावरची मेमरी मात्र पहिल्या दिवशी जेवढी घ्याल तेवढीच कायम.

मित्रांचा एक मुद्दा फ्रेम जनरेशनचा असणार. ५० मालिकेची कार्डं दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एक किंवा जास्त बनवलेल्या फ्रेम घालू शकतात, त्यामुळं ‘साठाचे दोनशे’ होतात. होतात खरे. पण तुमचा मॉनिटर सेकंदाला ७५ चित्रंच दाखवतो! दोनशे बनवून उरलेली कुठं दिसणार? शिवाय बनवलेल्या फ्रेममुळं माऊस हलवला आणि पडद्यावर हललं यातला वेळ थोडा वाढतो, कमी होत नाही. मुळात साठेक फ्रेम मिळत असतील आणि मॉनिटर १४४ हर्ट्झच्या वरचा असेल तर ही सोय छान आहे. तुमच्या आजच्या टेबलावर तिला मोल नाही, तेव्हा जाहिरातीतल्या त्या उंच पट्ट्या बघून पैसे वाढवू नका. एनव्हीडिया ही सोय डीएलएसएस या नावाखाली देते. त्याचा दुसरा भाग, म्हणजे कमी रिझोल्यूशनवर चित्र काढून ते वाढवून दाखवणं, हा मात्र खराच उपयोगी आहे, आणि तो एनव्हीडियाकडं जास्त गेमांत आहे. एएमडीनं ९००० मालिकेत एफएसआर ४ हे तसंच तंत्र आणून दर्जात बरंच अंतर भरून काढलंय, गेमांची यादी अजून लहान आहे. भाऊ यावर वाद घालेल. त्याचं म्हणणं चुकीचं नसेल, पण १०८०पीवर ‘क्वालिटी’ सेटिंगला मूळ चित्र ७२०पीचं काढलं जातं, तिथं जादू बेताचीच दिसते, असं त्याला माझ्या वतीनं सांगा.

आता भाव आणि काम. यूट्यूबवर सगळे एक भागाकार करतात: किंमत भागिले सरासरी फ्रेम. तुम्ही पतसंस्थेत आहात, तुम्हाला हा हिशोब लगेच जमेल. बाजारात आली तेव्हाची डॉलरमधली किंमत अशी: ५०६० ला २९९, ९०६० एक्सटी १६ जीबीला ३४९, ५०६० टीआय १६ जीबीला ४२९. आपल्याकडं त्यात १८ टक्के जीएसटी, आयातदाराचा आणि दुकानाचा वाटा मिसळतो. तुमच्या चिठ्ठीत ९०६० एक्सटी हे ५०६० पेक्षा साडेसात हजारांनी, म्हणजे जवळपास २५ टक्क्यांनी महाग आहे. बहुतेक चाचण्यांत ते ५०६० च्या पुढं आणि ५०६० टीआयच्या थोडं मागं राहतं. पण सरासरी फ्रेममध्ये २५ टक्क्यांची आघाडी काही घेत नाही. तेव्हा निव्वळ भागाकारानं ५०६० जिंकतं. मित्र बोलतात ते या हिशोबावर.

मला तो भागाकार अपुरा वाटतो, कारण सरासरीत गचका दिसत नाही. पतसंस्थेत खात्याची वर्षाची सरासरी शिल्लक चांगली असली तरी हप्त्याच्या दिवशी खातं रिकामं असेल तर तुम्ही काय म्हणता? चाचणी बघताना ‘१ टक्का लो’ असा दुसरा आकडा, म्हणजे सगळ्यात संथ एक टक्का फ्रेमांचा वेग, दिलेला असतो, तो बघा. सरासरी आणि तो, यात फार दरी असेल तर तो गेम त्या कार्डावर अडखळतो. आणि बघायचे ते भाऊ खेळतो तेच गेम. वीस गेमांची सरासरी त्याच्या काय कामाची?

मावसभावाच्या ३०७० बद्दल. कार्ड चांगलं होतं, वेगात आजही ५०६० च्या जोडीला बसतं. पण त्यातही ८ जीबीच, वीज २२० वॉट, एनव्हीडियाची फ्रेम जनरेशनही नाही आणि वॉरंटी संपलेली. सप्टेंबर २०२२ पर्यंत अशी कार्डं इथेरियम या आभासी चलनाच्या मायनिंगला, म्हणजे ते मिळवण्याच्या हिशोबाला, रात्रंदिवस जुंपली जात. त्या महिन्यात इथेरियमची पद्धत बदलली आणि ती ढिगानं जुन्या बाजारात आली. तुमच्या मावसभावानं तसं काही केलं असेल असं मी म्हणत नाही. पण सहा महिन्यांनी पंखा घरघरला किंवा पडदा काळा झाला तर तुम्ही कुणाला बोलणार? मावशीला? अनोळखी माणसाशी निदान भांडता तरी येतं. बारा-तेरा हजारांना मिळालं, त्याच्यासमोर अर्धा तास जड गेम चालवून तापमान बघता आलं, मूळ बिल हाती आलं, तर विचार करा. १९,००० ला नको.

भाऊ कदाचित इंटेलच्या आर्क बी५८० चंही नाव काढेल. १२ जीबी मेमरी, कमी किंमत, दिसायला झकास. पण ते जुन्या किंवा कमकुवत प्रोसेसरसोबत जोडलं की मागं पडतं, हे जानेवारी २०२५ मध्ये बऱ्याच चाचण्यांत दिसलं. तुमच्या ५६००जीसाठी ते माझ्या यादीत नाही.

५६००जीवरून आणखी एक. या प्रोसेसरमधली कॅश मेमरी (त्याच्या अगदी हाताशी असलेली झटपट मेमरी) १६ एमबी आहे, साध्या ५६०० मध्ये ३२. वेगवान नेमबाजीच्या गेमात त्यामुळं कार्ड मोकळं बसलंय आणि प्रोसेसर धापा टाकतोय असं होऊ शकतं. ५०६० टीआय घेतलं तर ते तुमच्याकडं पुष्कळदा असंच अर्ध्या ताकदीनं बसून राहील. ‘एकदाच महाग घेऊन टाकू, दहा वर्षं बघायला नको’ हा आपल्या घरांतला फ्रिजचा नियम इथं लागू पडत नाही. पुढच्या दिवाळीला भावानं स्वतःच्या पैशातून त्याच बोर्डावर ५६०० किंवा ५७००एक्स बसवला तर आजचंच कार्ड आणखी पळेल.

एसएमपीएसबद्दल मी अडून बसणार आहे. बिननावाचा ४५० वॉटचा डबा बदलल्याशिवाय कुठलंही नवं कार्ड लावू नका. ९०६० एक्सटी १६० वॉट घेतं, ५०६० १४५ वॉट, ५०६० टीआय १८० वॉट. एएमडी आपल्या कार्डाला ४५० वॉटचा एसएमपीएस पुरे म्हणते, एनव्हीडिया ५०६० ला ५५० चा सुचवते. पण कागदावरचे ४५० आणि खरोखर मिळणारे ४५० यात अशा डब्यांत फार तफावत असते. चांगल्या कंपनीचा, ८० प्लस ब्रॉन्झ दर्जाचा ५५० वॉटचा घ्या, चारेक हजार धरून चाला. खाली ६०० व्हीएचा यूपीएस असेल तर तो साधारण ३६० वॉटच पेलतो. गेम चालू असताना वीज गेली तर मॉनिटरसकट भार तीनशेच्या वर असतो आणि यूपीएसच चीं करून बंद पडायची शक्यता. पावसाळ्यात आपल्या भागात वीज किती वेळा डोळे मिचकावते ते तुम्हाला सांगायला नको.

विजेचा विषय निघालाच आहे तर गृहज्योतीचं, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेचंही बघून घ्या. तुमच्या मीटरला २०२२-२३ च्या सरासरी वापरापेक्षा थोडे जास्त एवढे युनिट माफ असतात. त्यावरचे भरावे लागतात, आणि महिन्याला २०० च्या पुढं गेलात तर अख्खं बिल भरावं लागतं. ३०० वॉटचा भार रोज तीन तास म्हणजे महिन्याला २७ युनिट. ३०७० आणि ९०६० एक्सटी यांच्यातला ६० वॉटचा फरक त्याच हिशोबानं साडेपाच युनिटांचा. रक्कम मोठी नाही, पण तुमचा वापर आज १८० च्या आसपास असेल तर सत्तावीस युनिट तुम्हाला २०० पार नेतील. हेस्कॉमचं मागचं बिल काढून बघा. बाबांना ते बिल येण्याआधी कळलेलं बरं.

खरेदी कुठं करावी? ‘कोल्हापूरला टॅक्स कमी पडतो’ असं अजून ऐकू येतं. जुलै २०१७ ला जीएसटी आल्यापासून इकडं नि तिकडं कर तेवढाच, १८ टक्के. कोल्हापुरात किंवा ऑनलाइन दोन-तीन हजार खरोखर कमी पडत असतील तर जरूर घ्या, पण ते गाडीभाडं आणि पुढच्या फेऱ्या धरून. बेळगावातल्या दुकानदाराला आधी एकच विचारा: कार्ड बिघडलं तर तुम्ही स्वतः पाठवणार, की मला सर्व्हिस सेंटरचा पत्ता देऊन मोकळे होणार? दुरुस्तीला कार्ड बहुतेकदा दुसऱ्या शहरात जातं. ते पाठवणं, मागं लागणं, परत आणणं हे काम दुकानदार अंगावर घेत असेल तर हजार-दीड हजार जास्त द्यायला माझी हरकत नाही. कार्डाला साधारण तीन वर्षांची वॉरंटी असते, ती त्याच्याकडून बिलावर अनुक्रमांकासह लिहून घ्या, आणि खोकं माळ्यावर टाका, रद्दीत नको.

तर माझा कौल. भावाकडून कागदावर पाच गेम लिहून घ्या, तो येत्या वर्षात खेळणार असलेले. यादीत व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक आणि तशाच सामन्यांचे गेम असतील तर ५०६० घ्या आणि एसएमपीएस बदला. साडेचौतीस हजारांत काम होतं. उरलेले साडेपाच हजार १४४ हर्ट्झच्या पुढच्या मॉनिटरकडं वळवा, तुटीची रक्कम त्यानं घालावी. त्याला या गेमांत खरा फरक मॉनिटरनंच जाणवेल. यादीत मोठे, नवे, गोष्टीचे गेम असतील, आणि विशीतल्या पोरांच्या याद्यांत ते निदान निम्मे असतातच, तर ९०६० एक्सटी, १६ जीबी. तुमचा दुकानदार बरोबर बोलला. एसएमपीएससकट ते ४२,००० ला जातं, म्हणजे तुमच्या मर्यादेच्या दोन हजार वर. ते दोन हजार भावानं भरावेत. शिकवणी घेऊन, जुना मोबाइल विकून, कसेही. कोलॅबवर त्यानं खरंच काम करून दाखवलं तरच ५०६० टीआय, आणि तेव्हाही वरचे नऊ हजार तुमच्या बजेटातून नकोत. इंटर्नशिपचा पहिला पगार येईपर्यंत थांबायची तयारी असेल तर. खरेदी मात्र उगाच लांबवूही नका: २०२५ च्या अखेरीस मेमरी चिपांचे भाव चढायला लागले आणि त्याची झळ आधी जास्त मेमरीच्या कार्डांना बसते. चिठ्ठीवरचा भाव किती दिवसांचा आहे ते विचारून घ्या.

कार्ड घरी आलं की कॅबिनेटची आतली लांबी मोजूनच बसवा, स्वस्त कॅबिनेटमध्ये पुढची हार्ड डिस्कची जाळी आडवी येते. बायॉसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) रिसायझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय, चालू करायला सांगा, तुमच्या बोर्ड-प्रोसेसरवर ती सोय आहे. आणि मॉनिटरची केबल नव्या कार्डाला लावा, बोर्डावरच्या जुन्या जागी नको. ५६००जीमध्ये स्वतःचं छोटं ग्राफिक्स असल्यानं जुन्या जागी लावली तरी पडदा नीट दिसतो, गेमही रांगत का होईना चालतो, आणि पोरं दोन दिवसांनी ‘कार्डात दम नाही’ म्हणून दुकानात भांडायला जातात.